अप्पांची झोप

श्रमविज्ञान प्रयोगशाळेत दुपारचं सगळ्यात महत्त्वाचं काम बाळगोंडा मगदूम करत आणि ते काम म्हणजे झोपणं. जेवण उरकून ते कसबा बावड्याहून येत, टोपी खुंटीला अडकवत, डाव्या कुशीवर वळत आणि बोलता बोलता घोरू लागत. दंडातल्या बारीक नळीतून त्यांचं रक्त सुप्तिग्राहक यंत्रात फिरून परत अंगात जाई आणि यंत्राखालच्या कुपीत पिवळसर द्रव थेंबाथेंबानं साठे. दूध संघातून निवृत्त झालेल्या माणसाच्या वामकुक्षीची विज्ञानाला एवढी गरज पडेल असं कोल्हापुरात कुणाला वाटलं नव्हतं.

“हरी खाटल्यावर देतो म्हणतात,” प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. वसुधा कारखानीस त्यांना चिडवत. “तुम्ही खाटल्यावरून देताय, अप्पा.”

“घ्या की. आमचं काय जातंय? दिवसभर पडूनच असतोय.”

या बोलण्यात चूक होती. ती कुणाच्या लक्षात आली नाही आणि अप्पा सोडले तर त्या खोलीत तीन पदव्यांखाली शिकलेलं कुणी नव्हतं.

कुपी जायची पद्मजाला. पद्मजा ही अप्पांची एकुलती मुलगी. आई गेल्यापासून घरात दोघंच. शिरोलीच्या एका फाउंड्रीत ती इंजिनीअर होती आणि छत्तिसाव्या वर्षी तिनं पहिली लांब पल्ल्याची ट्रायथलॉन करायचं मनावर घेतलं होतं. समुद्रात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं एकशे ऐंशी किलोमीटर सायकल मारायची आणि वर पूर्ण मॅरेथॉन पळायची, सगळं एका दिवसात. कशासाठी, असं लोक विचारत. “जमतंय का बघायचंय,” एवढंच ती सांगे. कष्टाला ती मागे हटणारी नव्हती. तिचं घोडं अडत होतं विश्रांतीपाशी. सकाळी पोहणं, दिवसभर भट्टीपुढं उभं राहणं, संध्याकाळी सायकल. यात अंग सावरायला वेळच नव्हता. एकदा नडगीचं हाड चिरलं, दुसऱ्यांदा ताप अंगात मुरून बसला. दोन्ही वेळा शर्यत हुकली. तिसऱ्या वेळी तिनं या प्रयोगासाठी नाव दिलं.

डॉ. इरफान मुजावर हृदयक्रियेचे अभ्यासक. प्रयोग निम्म्यावर आला असताना ते इथे रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी कुपी उजेडात धरून विचारलं, “यात नक्की आहे काय?”

“विश्रांती,” कारखानीस म्हणाल्या. “व्यायामानं माणूस बळकट होतो, हा गैरसमज आहे. व्यायामानं तो मोडतो. स्नायूंचे धागे तुटतात, हाडांना चिरा जातात. बळकट होतो तो नंतर, गाढ झोपेत, कारण मोडलेलं शरीर थोडं जास्तच भक्कम बांधून काढतं. त्या वेळी रक्तात जी द्रव्यं उतरतात त्यांना आम्ही विश्रांतिसार म्हणतो. ती एकाच्या रक्तातून काढून दुसऱ्याला देता येतात.”

“कुणाचीही कुणाला?”

“नाही. आई-बापाची मुलांना किंवा मुलांची आई-बापांना. बाकीच्यांची शरीर नाकारतं.”

“म्हणजे झोपायचं बापानं आणि ताजंतवानं व्हायचं मुलीनं.”

“आणि ती होतेय,” कारखानीस म्हणाल्या. ते खरंच होतं.

विश्रांतिरोपण सुरू झाल्यापासून पद्मजाचा सराव कुठे अडला नाही. आदल्या दिवशी पन्हाळ्याचा घाट सायकलनं चढून आलेली बाई दुसऱ्या दिवशी राजाराम तलावात मासोळीसारखी पोहत असे. झोपही तिला फारशी लागेनाशी झाली. चार तास वरवरची झोप झाली की डोळे आपोआप उघडत, कारण झोपेचं काम कुपीनं केलेलं असे. वाचलेल्या वेळात ती आणखी सराव करी. सराव वाढला तसा सार कमी पडू लागला. तेव्हा रात्रीच्या झोपेतलाही घ्या, असं अप्पांनीच सुचवलं. दाता दिवसभर काही श्रम करत नाही, अशी नोंद करून कारखानीसांनी परवानगी दिली. अप्पांना त्याचं केवढं अप्रूप. पोरीच्या पायात आपली झोप पळते, असं ते चावडीवर सांगत फिरत.

शर्यतीआधी पंधरा दिवस सराव उतरवत आणायचा असतो. मोडणं थांबतं, बांधणं चालू राहतं आणि शरीर काठोकाठ भरतं. अप्पांचा रात्रीचा सार घेणं तेव्हाच थांबवलं होतं. शेवटच्या आठवड्यात पद्मजा रजा घेऊन तारकर्लीला गेली, समुद्राची सवय व्हावी म्हणून. ती गेल्यावर मंगळवारी अप्पा नेहमीसारखे प्रयोगशाळेत आले, खाटेवर पडले आणि लगेच उठून बसले. पुन्हा पडले, पुन्हा बसले. कुपी कोरडी राहिली. पद्मजाला आता सार फारसा लागत नव्हता, त्यामुळे दुसऱ्या कुणी चिंता केली नाही. मुजावरांनी मात्र अप्पांच्या छातीची ध्वनिचित्रं काढली आणि कारखानीसांना बोलावून घेतलं.

“हे हृदय बघा. नव्वदीतल्या माणसाचं वाटतं.”

“अडुसष्ट वय आहे त्यांचं. आणि कष्ट तर काहीच नाहीत.”

“हातापायांना नाहीत, मॅडम. हृदय कधी पडून असतं? ते जन्मल्यापासून धावतंय, एकही सुट्टी न घेता. त्याची डागडुजी होते ती गाढ झोपेत. ती आपण आठ महिने कुपीत भरून घेतली.”

कारखानीस खुर्चीत बसल्या. “रोपण आजपासून बंद. त्यांचा सार त्यांना मिळू दे, भरून येईल.”

“आलं असतं, झोप लागली असती तर. हृदय थकलं की आडवं झाल्यावर छातीत पाणी चढतं, दम लागतो. ते रात्ररात्र भिंतीला टेकून बसतात. मुलीला कळू नये म्हणून ती जाईपर्यंत दार लावून घेत होते. झोप नाही म्हणून दुरुस्ती नाही आणि दुरुस्ती नाही म्हणून झोप नाही. आता बाहेरूनच सार द्यावा लागेल.”

“म्हणजे पद्मजाचा.”

दोघांनी तिचा पातळी-आलेख उघडला. रेष कधी नव्हे इतकी वर होती.

“तिला आजच बोलावू,” मुजावर म्हणाले.

“बोलावू नगासा.” अप्पा दारात उभे होते, चौकटीला धरून. “रविवार होऊ दे. एकदा शर्यत झाली की मग सांगा काय ते. तिच्या बारावीच्या पेपरात तिची आत्या गेली. शेवटचा पेपर देऊन आली, जेवली, मग सांगितलं. काय बिघडलं?”

“आत्या परत येणार नव्हत्या, अप्पा.”

“मीबी रविवारपर्यंत कुठं जात न्हाई. दोनदा हुकलंय तिचं. तिसऱ्यांदा माझ्यापायी नको.”

आपल्याकडे वाईट बातमीला पेपर संपेपर्यंत दाराबाहेर उभं करतात. ती आत आली तर पोराचं वर्ष जाईल, अशी भीती असते. बाहेर उभी राहून ती काय करते, हे कुणी बघत नाही. कारखानीसांच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेदिवशी त्यांच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. त्यांना पेढे वाटून झाल्यावर कळलं आणि घरच्यांनी केलं ते योग्यच केलं, असं त्या अजून मानत. मुजावरांच्या घरीही वेगळं काही घडलं नसतं. हृदय अजून दोन-अडीच आठवडे निभावेल, असं तपासण्या सांगत होत्या.

“शर्यतीनंतर तिच्यात उरेल ना?” मुजावरांनी एवढं विचारलं.

“कितीही लांब सराव झाला तरी दोन दिवसांत तिची पातळी वर येते. आठ महिने बघतोय आपण.”

आलेखात तसंच दिसत होतं. त्यांनी मान डोलावली.

शुक्रवारी पद्मजाचा फोन आला तेव्हा अप्पा भिंतीला पाठ लावून बसले होते.

“अप्पा, अंगात नुसती रग भरलीय. बसवेना. इथला जिना दोन-दोन पायऱ्या चढायलेय उगीचच. ह्याचं करू काय?”

“राखून ठेव,” अप्पा म्हणाले. “रविवारी लागंल.”

रविवारी ते सगळं लागलं. पोहून ती हसत बाहेर आली. सायकलवर उलट्या वाऱ्यानं तिला पिळून काढलं आणि मॅरेथॉनच्या उत्तरार्धात पाय तिचे राहिले नाहीत. सरावात माणूस तळ लागायच्या आधी थांबतो. मोडणं आणि बांधणं यांचा तोल सांभाळायचा म्हणजे तेवढंच तर असतं. शर्यतीत थांबायचं नसतं. तीही थांबली नाही. शेवटची रेष ओलांडून तिनं गुडघे टेकले तेव्हा ती रडत होती, आनंदानं.

सोमवारी तिला सांगितलं. दुपारी ती प्रयोगशाळेत पोचली, अप्पांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, अंगावरच्या कपड्यांनिशी शेजारच्या खाटेवर आडवी झाली आणि दंड पुढे केला. “घ्या लागेल तेवढं.”

रक्त यंत्रातून फिरलं. कुपी कोरडीच राहिली.

“थकवा आहे. झोप लागली की उतरेल,” कारखानीस म्हणाल्या. पण झोप लागेना. लागली तीही वरवरची, कोंबडीसारखी, आणि त्या झोपेतून काहीच उतरलं नाही. दुसरा दिवस गेला. आलेखातली रेष तळाला पडून होती. मुजावर पद्मजाच्या खाटेपाशी बसून तो आलेख मागे मागे चाळत गेले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

“दोन दिवसांत तुमची पातळी वर यायची ती तुमच्या झोपेनं येत नव्हती,” ते म्हणाले. “कुपीनं येत होती. तुमचं शरीर आठ महिन्यांत गाढ झोप विसरलं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“परत येईल ना झोप?”

“येईल. महिना लागेल, कदाचित दीड.”

“आणि अप्पांना किती वेळ आहे?”

मुजावरांनी तिच्याकडे बघून सांगितलं, तेवढा धीर त्यांनी केला. “आठवडा. फार तर.”

भट्टीपुढं उभं राहणाऱ्या माणसाला हिशोब लवकर कळतो. तिनं विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“मागच्या मंगळवारी.”

“मंगळवारी मी तारकर्लीला वाळूत बसून कंटाळत होते. तिथनं इथं यायला किती वेळ लागतो? माझ्या रक्तात तेव्हा किती होतं?”

“काठोकाठ होतं. आणि ते सगळं त्यांचंच होतं. झोपायचीही गरज नव्हती, रक्तातून तसंच काढून त्यांना परत देता आलं असतं.”

“मी ते पळून संपवलं.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला तर होतं.”

कारखानीस खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांना लाज वाटत होती आणि त्या लाजेचा कुणाला काही उपयोग नव्हता. माफ करा, असं त्या म्हणाल्या. पद्मजा तोवर अप्पांकडे वळली होती.

अप्पा शेजारच्या खाटेवर चार उशांना टेकून बसले होते. बोलताना त्यांना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. “डाक्टरला बोलू नगंस. मीच सांगितलं होतं. पदक आणलंस का?”

“गाडीत राहिलंय.”

“असू दे. जमलं न्हवं? लोक म्हणत होते, न्हाई जमणार.” त्यांनी श्वास गोळा केला. “दमलीस गं. डोळं बघ कसं झाल्यात. पड जरा. झोप.”

मुजावरांनी नळी पुन्हा जोडली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दिवा मंद केला. पद्मजा कुशीवर वळली आणि डोळे घट्ट मिटून, दात आवळून, घाट चढावा तशी झोपायचा प्रयत्न करू लागली. आजवर प्रयत्नानं तिला सगळं मिळालं होतं. नळी थरथरू नये म्हणून तिनं दंडही आखडून धरला होता.

पलीकडे अप्पा उशांना टेकून, आवाज होऊ नये म्हणून खोकला दाबून, तिला झोप लागायची वाट बघत बसले.