हरकतीचा रकाना

लोणारच्या नियंत्रण केंद्रात चहा येऊन निवला होता, पण मृण्मयी घारपुरेचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. गुरूच्या गॅनिमीड या चंद्रावरल्या तळाचा निरोप पडद्यावर होता : ‘बर्फाच्या बोगद्यात हवा भरली. शिरस्त्राण उतरवून आत काम करतो. हरकत?’ पाठवणारा निरंजन, तिचा नवरा. खाली विषारी वायूचं प्रमाण होतं, शून्य.

“हे शून्य मोजलेलं आहे की भरलेलं?” केंद्रप्रमुख डॉ. वसुधा लोखंडेंनी विचारलं.

मृण्मयीने तो आकडा पुन्हा वाचला. निरोप रचण्याची ही ‘अनाम बांधणी’ तिचंच अपत्य. जुन्या ‘सनाम बांधणी’त प्रत्येक आकड्यासोबत त्याचं नाव जायचं. निरोप जडशीळ व्हायचे आणि गुरूकडून येणाऱ्या क्षीण लहरींवर रखडायचे. हिने नावंच काढून टाकली. आकड्यांचा क्रम ठरलेला, तो दोन्हीकडे ठाऊक. शिवाय शून्य असेल तो आकडा पाठवायचाच नाही, घेणाऱ्याने रिकाम्या जागी शून्य भरायचं. समितीने टाळ्या वाजवल्या. लोखंडेबाई तेवढ्या नाक मुरडून बसल्या होत्या.

“मिसळणाचा डबा आहे हा, मॅडम,” ती तेव्हा ऐटीत म्हणाली होती. “घरच्या माणसाला चिठ्ठ्या कशाला लागतात?”

“अगं, वाटी रिकामी दिसली तर जिरं संपलं की भरलंच नव्हतं, हे घरच्याला तरी कळतं का?” बाई आता म्हणाल्या. “वायुमापक बंद पडला असला, तरी आपल्याला शून्यच दिसणार.”

“आणि चालू असला तर? उगाच काम खोळंबेल त्याचं.”

“खोळंबू दे की! माप नावासकट मागव, जुन्या बांधणीत.”

“आधी मागची मापं ताडून बघू या ना.”

शब्दाने शब्द वाढला. आपलं चुकलं हे कबूल करणं मृण्मयीला जड जात होतं, आणि आतून निरंजनची काळजी जीव कुरतडत होती. अखेर तिने हात टेकले.

“मागवते, मॅडम. हरकत आहे, हेही कळवते.”

तिने हरकतीचा रकाना उघडला. ‘आहे’साठी एक, ‘नाही’साठी शून्य. तिची बोटं थबकली.

“मॅडम, आपण बोलत होतो तेवढ्यात नेहमीचा निरोप गेला?”

“दर पाव तासाला जातो की आपोआप, आलेल्या प्रश्नांच्या उत्तरांसकट. गेला असेल.”

“त्यात हरकतीबद्दल काय होतं?”

“काहीच नाही. आपलं अजून ठरलंच कुठे...” बाईंनी रकान्याकडे पाहिलं.

तिकडचं यंत्रही रिकाम्या जागी शून्यच भरणार होतं. निरंजनला उत्तर मिळणार होतं : हरकत नाही.

मृण्मयीने रकान्यात एक लिहिला आणि निरोप सोडला. दोन्ही निरोप प्रकाशाच्याच वेगाने निघाले होते, रिकामा पुढे, भरलेला मागे. मधलं अंतर त्यांच्या वादाएवढं होतं, आणि गॅनिमीडपर्यंत ते तेवढंच राहणार होतं.