दोन खांब, दोन दोर

फोन आला तेव्हा सहायक पोलिस निरीक्षक हेमांगी राऊतने डब्याचं झाकण नुकतंच उघडलं होतं.

"वालीवला शूटिंगच्या शेडमध्ये एक बाई पडलीय," पलीकडचा पुरुष म्हणाला.

"किती उंचावरून?"

"तुम्ही या. इथेच बोलू."

"बाई कोण?"

"स्पॉटवर काम करायची," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

करायची म्हणे! हेमांगीने डबा तसाच झाकला आणि हवालदार स्वप्नालीला गाडी काढायला सांगितली.

शेड एकेकाळी खोकी बनवण्याचा कारखाना होती. आता ती सिनेमावाल्यांना भाड्याने जायची. फाटकावर नटी किंजलचं दोन माणसं उंच पोस्टर होतं. मूठ आवळलेली, ओठ फुटलेला, नजर समोरच्याला जमिनीत गाडणारी. खाली लिहिलं होतं : 'डबल नाही. दोर नाही. सगळी मारामारी खरी.'

आत तुळईवरून दोन दोर लोंबत होते. पंखा कुणी बंद केला नव्हता, त्यामुळे दोन्ही हळूहळू हलत होते. त्यांच्याखाली गादी होती आणि गादीच्या कडेपासून हातभर लांब फरशी रक्ताने ओली होती. बाईला दवाखान्यात नेलं होतं, पण ती वाटेतच गेली होती.

रोवेना, वय सव्वीस, राहणार पाचूबंदर. ती स्पॉटवर काम करत नव्हती. ती किंजलची डबल होती, पडद्यावर तिच्या जागी उड्या मारणारी. पोस्टरप्रमाणे जी माणसं अस्तित्वातच नव्हती, त्यांच्यापैकी एक.

फाइट मास्तर हार्दिक समोर आला. चाळिशीचा, कमावलेल्या अंगाचा, आवाज मात्र लोण्यासारखा मऊ.

"दोरावर कोण होतं?"

"दोघं. दरवाजाकडच्या खांबाला व्हिन्सेंट, तिचा बाप. खिडकीकडच्या खांबाला मी."

"तिचा बाप?"

"तिचीच अट होती. होडीवर जन्म गेलेला माणूस. दोर बापाच्या हातात असला तरच उडी मारीन म्हणायची."

"तुमचा नेहमीचा माणूस कुठे होता?"

"केल्विन? नायगावला सामान आणायला गेला होता."

"कुणी पाठवलं?"

"मीच. बाकी युनिट जेवायला गेलं होतं."

"ती पडताना पाहिलंत?"

"नाही. दोरवाले काळ्या पडद्यामागे असतात. आम्ही फक्त तिने मोजलेले आकडे ऐकतो. तीनला ओढायचं, पाचला हळूहळू सोडायचं. पण प्रत्येक तालीम टॅबवर घेतो आम्ही. व्हिडिओ तुमच्या ठाण्यात पाठवूनही दिला."

"कधी?"

"तुम्ही निघालात तेव्हाच."

पोलिसांना न मागता पुरावा देणारी माणसं हेमांगीने फार पाहिली नव्हती. तिने ठाण्यातून तो व्हिडिओ मोबाइलवर मागवून उघडला.

चौतीस सेकंद. मागे काळा पडदा, पुढे मचाण. दार नाही, खिडकी नाही, कुठे एक अक्षर नाही. मचाणावर रोवेना, काळे कपडे, केस आवळून बांधलेले, तोंड कॅमेऱ्याकडे. तिने डावा हात कपाळाला लावला, छातीला लावला, दोन्ही खांद्यांना लावला. श्वास घेतला. आकडे सुरू झाले. तिने उडी घेतली आणि चित्रातला डावीकडचा दोर अचानक सैल पडला. अंग तिच्या उजव्या बाजूला कललं. उजव्या खांद्यावर ती खाली गेली आणि चौकटीबाहेर आपटली. मग एका पुरुषाचा आवाज. तो संपतच नव्हता.

टॅब जिथे ठेवला होता तिथे हेमांगी उभी राहिली. तिच्या उजव्या हाताला खिडकी होती, डाव्या हाताला दरवाजा. तिथे व्हिन्सेंट होता, यात कुणाचंच दुमत नव्हतं.

संध्याकाळी व्हिन्सेंट आपल्या पायांनी ठाण्यात आला. दोन्ही हातांना बँडेज.

"मना आत घ्या," तो म्हणाला.

"बसा, काका. दोर सोडलात तुम्ही?"

"नाय."

"मग आत कशाला घेऊ?"

"मास्तरनं इडिओ दाखवला. धा येला बघितला. दर येला माजाच दोर ढिला परतो." त्याने मान खाली घातली. "मी म्हंतो धरला होता. पन इडिओ खोटा बोलंल का? मीच खोटा."

"हातांना काय झालं?"

"सालपटं निघाली. एकदम वजन आलं, धोंडा बांधल्यावानी. दोर हातातून सरकत गेला. धरला, तरी सरकत गेला."

"वजन आलं? सैल नाही पडला?"

"वजनच आलं. पन आता मना काय ठावं नाय, म्याडम. मीच मारली माजी पोर."

हेमांगीने त्याला पाणी दिलं. ग्लास त्याला धरता येईना. तिनेच तो त्याच्या ओठांना लावला.

मोठ्या साहेबांना त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. "हात भाजलेत म्हणजे दोर हातातून सुटला," ते म्हणाले. "वर व्हिडिओ आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, राऊत? निष्काळजीपणाने मृत्यू, आरोपी बाप. शुक्रवारी कागद कोर्टात पाठवा."

हेमांगी 'हो' म्हणाली. मनात मात्र ती वजनाचाच विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी ती किंजलच्या मेकअपच्या खोलीत गेली. किंजलने हाताने इशारा केला तशी तीन माणसं निमूट बाहेर गेली. ह्या बाईला आवाज चढवावा लागत नसे.

"रोवेना तुमची डबल होती?"

"पोस्टर वाचलंत ना?"

"वाचलं. म्हणूनच विचारतेय."

किंजल आरशाकडे बघत राहिली. "होती. लोक माझ्या ज्या उड्यांना शिट्ट्या मारतात ना, त्या सगळ्या तिच्या."

"तुमचं पटायचं?"

"तिनेच मला शिकवलं. फक्त ती डावखुरी, मी उजवी. लय लोचा व्हायचा. मग मास्तर तिचे तालमीचे व्हिडिओ आरशासारखे उलटे करून मला द्यायचे. बघून बघून करायचे मी."

"आणि मास्तरांशी तिचं?"

"फेबियनच्या मॅटरनंतर बोलणं बंद होतं."

"फेबियन कोण?"

"आमचा फायटर. बाइकवरून पडला म्हणे. जबडा गेला."

"म्हणे?"

किंजलने पहिल्यांदा नजर चुकवली. "मॅडम, कागदावर सही केलीय मी. त्याच्याबाहेर बोलता येत नाही मला."

पोस्टरवरची मूठ आठवून हेमांगीला हसू येणार होतं, पण आलं नाही. ती बाई घाबरलेली होती.

गुरुवारी सकाळी पाचूबंदरला दफनविधी झाला. समुद्रावरून वारा येत होता आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास सगळ्या गल्लीवर होता. हेमांगी मागे उभी राहिली.

रोवेनाची आई तेरेसा हळूच तिच्याजवळ सरकली. "म्याडम, ह्यांना सांबाला. बोलत नाय, जेवत नाय. काल होडीचा नांगर कवटालून जेटीवर बसले होते. मना लय भ्या वाटतं."

"एकटं सोडू नका त्यांना."

"किती येल बसनार जवल? उद्या कोर्टानं म्हनलं, हाच गुन्हेगार, मंग?"

हेमांगीने पुढे पाहिलं. रोवेनाचा भाऊ एरॉल खड्ड्याशी वाकला होता. त्याने डाव्या हाताने मूठभर माती टाकली. डाव्या हाताने डोळे पुसले. मग सरळ उभा राहून त्याने क्रुसाची खूण केली.

हेमांगी त्याच्या हाताकडे बघतच राहिली.

"एरॉल डावखुरा आहे?" तिने विचारलं.

"दोघं बी. मासली कापायचं, जेवायचं, लिवायचं, समदं डाव्यानं. सासऱ्यावर गेली पोरं."

"आणि प्रार्थनेच्या वेळी?"

तेरेसाने ऐकलं, पण प्रश्न तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. तिचं उत्तर ऐकून हेमांगी फाटकाकडे वळली.

फाटकाशी एक तरुण उभा होता. त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता. त्याने न बोलता मोबाइल पुढे केला. त्यावर टाइप केलेलं होतं : 'मी फेबियन. बाइक नव्हती. मास्तरने माझ्या तोंडावर खरी लोखंडी सळी मारायला लावली, शॉट खरा दिसावा म्हणून. रोवेनाने पाहिलं. येत्या सोमवारी आम्ही दोघं फायटर लोकांच्या संघटनेत तक्रार करायला जाणार होतो. मास्तरला कळलं होतं.'

हेमांगीने तिथूनच स्वप्नालीला फोन लावला. "शवविच्छेदनाचा अहवाल आला? कुठला खांदा मोडलाय?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "डावा, मॅडम. मारही डाव्या कानशिलावर."

"नीट वाच."

"डावाच लिहिलंय."

"मग हार्दिकचा टॅब ताब्यात घे आणि त्याला किंजलच्या खोलीत बसव. मी व्हिन्सेंटकाकांना घेऊन येते."

दुपारी हेमांगीसमोर त्या खोलीत चौघं होते. हार्दिक खुर्चीवर, किंजल आरशाशी, व्हिन्सेंट दाराजवळ अंग चोरून. स्वप्नाली दाराला पाठ लावून उभी.

"किती वेळ लागेल?" हार्दिकने विचारलं.

"चौतीस सेकंद," हेमांगी म्हणाली. "पण आधी सांगा, रोवेना कुठल्या हाताने काम करायची?"

"डाव्या. सगळ्यांना माहीत आहे."

"तुमच्या व्हिडिओत तिने उडीआधी क्रुसाची खूण केलीय. कुठल्या हाताने?"

"डाव्या. डावखुरी बाई दुसऱ्या कुठल्या हाताने करणार?"

"तुम्हालाही तसंच वाटलं, आणि तिथेच फसलात," हेमांगी म्हणाली. "वसईचा कॅथलिक माणूस जेवेल डाव्याने, लिहील डाव्याने, पण क्रुसाची खूण उजव्याच हाताने करतो. आज सकाळी तिच्या डावखुऱ्या भावाने माझ्यासमोर केली. तिच्या आईनेही तेच सांगितलं. मग उडीच्या क्षणी रोवेनाचा डावा हात कपाळाला कसा गेला?"

तिने मोबाइल हार्दिकसमोर धरला.

"गेलाच नाही. तिने उजवाच हात लावला होता. व्हिडिओ उलटा आहे. किंजलला शिकवण्यासाठी तुम्ही रोज उलटे करत होतात, तसाच हाही केलात. काळा पडदा, काळे कपडे, कुठे अक्षर नाही. पकडलं जाण्याची भीती नव्हती. उलट डावा हात दिसला म्हणून तुम्ही निर्धास्त झालात."

"ही तुमची कल्पना आहे."

"डॉक्टरांची नाही. व्हिडिओत ती उजव्या खांद्यावर पडते. प्रत्यक्षात तिचा डावा खांदा मोडलाय. मेलेल्या बाईने खांदा बदलला का, मास्तर?"

हार्दिकचा मऊ आवाज आता फाटला. "आणि ह्या म्हाताऱ्याचे हात? ते का भाजले?"

"कारण त्यांनी सोडलं नाही. तुमचा दोर सुटला तेव्हा पोरीचं सगळं वजन त्यांच्या एका दोरावर आलं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, एकदम वजन आलं म्हणून. हातांची सालं निघेपर्यंत ते धरून राहिले. तुमचे हात दाखवा जरा."

हार्दिकने हात दाखवले नाहीत. ते त्याने मांडीखाली घेतले.

"केल्विनला तुम्ही नायगावला पाठवलं, युनिटला जेवायला सोडलं आणि खिडकीकडचा दोर स्वतः धरला. सोमवारी रोवेना फेबियनला घेऊन संघटनेत जाणार होती. 'सगळी मारामारी खरी' म्हणजे काय, ते सगळ्यांना कळणार होतं. टॅब प्रयोगशाळेत गेलाय. पुसलेलं काय काय परत येतं ते बघू."

हार्दिक उठला. किंजल त्याच्या आधी उठली.

"स्वप्नालीताई, कडी लावा," ती म्हणाली. आता हा आवाज पोस्टरवरच्या बाईचा होता. "फेबियनला सळी मारली तेव्हा मी तिथे होते. लिहून घ्या. कागद गेला खड्ड्यात."

हार्दिकने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "हातपाय मोडला असता," तो पुटपुटला. "एवढंच व्हायला हवं होतं. सोमवारी तिला जाता आलं नसतं. ती गादीबाहेर जाईल असं कुणाला वाटलं होतं?"

स्वप्नालीने त्याचा दंड धरला आणि ती त्याला बाहेर घेऊन गेली.

व्हिन्सेंट अजून दाराशीच उभा होता. ऐकलेलं त्याला पटलं की नाही, ते कळत नव्हतं. नुसतं सांगून हा माणूस जेटीवरून परत यायचा नाही, हे हेमांगीच्या लक्षात आलं. साहेब काही म्हणोत, आज आरसा लागणारच होता.

तिने मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि तो आरशासमोर धरला.

"इथं या, काका. मोबाइलमध्ये नका बघू. आरशात बघा."

आरशात रोवेना मचाणावर उभी होती. तिने उजवा हात कपाळाला लावला, छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला. उडी घेतली. उजवीकडचा, खिडकीकडचा दोर सैल पडला. डावीकडचा, दरवाजाकडचा दोर ताठ झाला, थरथरला आणि ताठच राहिला.

"हा माजा," व्हिन्सेंट म्हणाला.

"हा तुमचा."

तो आरशाला जवळजवळ नाक लावून उभा राहिला. त्याचे खांदे हलू लागले.

"सात वरसांची असतानी तिनं डाव्यानं क्रूस केला," तो म्हणाला. "भर चर्चमंदी. मी तिला चापट मारली. आयुश्यात तेवढी एकच चापट. उजव्यानं कर म्हनलं. मंग कदी चुकली नाय." तो थांबला. "लय वाईट वाटायचं मना त्या चापटीचं."

किंजलने त्याच्यासाठी आपली खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"म्याडम, परत लावा."

"काका, पुरे आता."

"नाय. आतापोत दर येला मी दोरच बघितला." त्याने बँडेजच्या मनगटाने डोळे पुसले. "आता पोरीला बघतो."