रिकामी गव्हाण

सजावटवाली दुकानाच्या दर्शनी काचेमागे येशूजन्माच्या देखाव्यात गुडघ्यांवर बसून लाकडी मेंढीच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी बांधत होती. तेवढ्यात मागच्या छोट्या दारातून एक हात आत आला, त्याने गव्हाणीतलं लाकडी बाळ उचललं आणि कोटाच्या खिशात घातलं. तिने आ वासला तो मिटेचना.

"अहो... चोरी? तीही माझ्यादेखत?"

"चोरी कसली? बाळ जन्मलंय कुठे अजून?" तो हसला. "आज दहा तारीख. आमच्या चर्चमध्ये चोवीसच्या संध्याकाळपर्यंत गव्हाण रिकामी ठेवतात. वाट बघायची असते."

हा समोरच्या चर्चची बाकं दुरुस्त करणारा सुतार. काचेमागचं छोटं दार अडकतं म्हणून दुकानाने त्याला बोलावलं होतं. आणि तिच्यासाठी नाताळ म्हणजे महिनाभर पायाला भिंगरी आणि सवलतीच्या पाट्या.

"लोक इथे खरेदीला येतात हो, देव बघायला नाही."

"मग देव काचेत कशाला मांडलात?"

राग यायला हवा होता तिथे हसू आलं...

एवढ्याशा दाराला त्याने चार दिवस लावले. का, ते दुकानात सगळ्यांना कळलं. तिला सगळ्यात शेवटी. पण कळलं तेव्हा चांगलंच कळलं. रंध्याचा आवाज थांबला की तिचा हातही थांबायचा.

बाळ कुठे गेलं, असं मॅनेजरने विचारलं तेव्हा तिने हौसेने सगळं सांगून टाकलं. तिथेच घोटाळा झाला. चौथ्या दिवशी दुपारी रिकाम्या गव्हाणीवर हातभर पाटी लागली — 'बाळ येईपर्यंत सगळं अर्ध्या किमतीत!' काचेबाहेर ही गर्दी.

सुताराच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"मी ते तुला सांगितलं होतं," तो हळूच म्हणाला. "दुकानाला नाही."

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला, आणि हत्यारं उचलून चालता झाला. त्यानंतर दहा दिवस तो रस्त्यावरही दिसला नाही. तिने मात्र तीच काच रोज चार-चारदा पुसली.

चोवीसच्या संध्याकाळी मॅनेजरने गोदामातलं नवं बाळ तिच्या हातात दिलं. "बरोबर सहाला ठेव."

बाहेर लोक उलटे आकडे मोजू लागले. दहा, नऊ, आठ... तिने नवं बाळ बाजूला ठेवलं. पाटी उतरवून गुडघ्यावर मोडली, मेंढ्यांच्या गळ्यातल्या चिठ्ठ्या तोडल्या आणि रिकाम्या गव्हाणीपाशी मांडी घालून बसली. मोजणं मधेच थांबलं.

"उद्यापासून येऊ नकोस," मॅनेजर दारातून म्हणाला आणि निघून गेला. नोकरी गेली. तरी ती उठली नाही.

थोड्या वेळाने ते छोटं दार पुन्हा उघडलं, अजिबात न अडकता. समोरच्या चर्चच्या पायरीवरून सगळं पाहिलेला सुतार आत आला. खिशातून बाळ काढून त्याने तिच्यापुढे धरलं. बाळाच्या तळपायाला चिकटवलेली दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती.

"ही काढली नाहीस?"

"घरी आईने हात लावू दिला नाही. म्हणाली, दुसऱ्याची वस्तू आहे, जशी आणलीस तशी परत कर." तो जरा घुटमळला. "ठेव ना... तूच ठेव."

"माझा अजून विश्वास नाही रे देवावर."

"मग एवढा वेळ वाट कुणाची बघत होतीस?"

तिने नखाने चिठ्ठी खरवडून काढली आणि बाळ गव्हाणीत निजवलं.

"तुझी," ती म्हणाली.