बुजगावण्याची चार दिवसांची रजा

“माझं बुजगावणं चोरीला गेलं होतं,” तेलगिरणीच्या मालकीणबाई म्हणाल्या, “आणि आता ते परत आलंय.”

भाऊजींनी वहीत ‘चोरीला’ असं लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी ‘परत’ लिहिलं. मग तेही खोडून नुसतं ‘बुजगावणं’ ठेवलं.

“म्हणजे प्रकरण मिटलं,” ते समाधानाने म्हणाले.

“भाऊजी, चोर आपणहून माल परत करतो तेव्हाच खरा संशय घ्यायचा,” वहिनी म्हणाल्या.

वहिनींचं गुप्तहेरीचं कार्यालय दोन खोल्यांचं होतं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. तीन नोकऱ्या सुटल्यावर ते इथे मदतनीस झाले होते आणि चौथी कधी सुटते याकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं.

मालकीणबाईंबरोबर त्यांचे सख्खे मामा आले होते. वहिनी खिडकीपाशी उभ्या असल्याचं पाहून मामा त्यांच्या फिरत्या खुर्चीत बसले, एक पूर्ण गिरकी घेतली, आणि उठले.

“चांगली फिरते,” ते म्हणाले.

“किती दिवस गायब होतं?” वहिनींनी विचारलं.

“गेल्या पंधरवड्यात, चार दिवस. पोलिसांनी हसत हसत तक्रार लिहून घेतली. ‘उंची साडेपाच फूट, स्वभाव शांत’ असं वर्णनही टाकलं.”

“हरवल्याची आणि सापडल्याची तारीख शिक्क्यासह आहे?”

“दोन्ही आहेत. पण खरी भीती वेगळीच आहे.” मालकीणबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. “आमचे दोन तुकडे. वरच्यात आत्ता सूर्यफूल उभं आहे. खालचा यंदा विश्रांतीला ठेवलाय. तो माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर आहे. धाकट्याला तिथे गोदाम हवंय. एरवी दोघांच्या सह्या लागतात. पण जमीन सलग तीन वर्षं पडीक असेल तर एकाच्या अर्जावर भागतं. त्याने अर्जाला तीन वर्षांचे तीन फोटो जोडलेत. तिन्हींत जमीन ओसाड!”

“आणि खरं काय?”

“गेली दोन वर्षं तिथे माणसाच्या उंचीचं सूर्यफूल होतं. पण गिरणीची वही माझी, म्हणून ती चालत नाही. महसूल कार्यालय फोटो मानतं, माणसं नाही. उद्या अकराला सुनावणी आहे.”

“तुकडा गेला तर?”

“गिरणीला बी पुरणार नाही. गिरणी थांबली की चाळीस घरं सूर्यफूल सोडतील, त्यांच्याही जमिनींवर गोदामं उठतील. मग सगळा पट्टा एकाच गोदामवाल्या कंपनीच्या मेहेरबानीवर. ती एक दिवस गाशा गुंडाळून गेली, तर आम्ही काय रिकामी खोकी पेरायची?”

दुपारी सगळे शेतावर पोहोचले. वारा बोचरा होता. मामांचा सदरा कोपरांवर इतका विरला होता की त्यातून वारा आत येऊन पलीकडून बाहेर जात असावा. बुजगावणं मात्र निळ्या कोटात ऐटीत उभं होतं.

“दर पेरणीला घरातला एक जुना कोट त्याला मिळतो,” मालकीणबाई म्हणाल्या. “हा माझ्या नवऱ्याचा, ते वारल्यावर उरलेला. गेल्या वर्षी धाकट्याचा तपकिरी होता, त्याआधी वडिलांचा काळा. तीस वर्षं ते दोन तुकड्यांमधल्या बांधावर, त्या हद्दीच्या दगडाला खेटून उभं असायचं. चोराने परत आणून इथे आत लावलंय. अगदी अडाण्यासारखं. पाखरं तर नदीकडून येतात.”

“ते पूर्वी, पोरी,” मामा म्हणाले. “गेल्या वर्षी हा मोबाइलचा टॉवर झाला. तेव्हापासून त्याच्यावर बसतात आणि थेट इथे उतरतात.”

टॉवरवर खरंच पाखरांची रांग होती. ती बुजगावण्याकडे बघत होती आणि उतरत नव्हती. वहिनींनी खांब हलवून पाहिला. बुडाशी दगड ठोकून तो पक्का केला होता.

“चोर कामाचा माणूस आहे,” भाऊजी म्हणाले. “पत्ता मिळाला तर आमच्या परसात बोलवू.”

संशयितांपैकी धाकट्याचा अर्ज तयार करणारा जमिनीचा दलाल पहिला. त्याच्या टेबलावर गोदामाची छोटी प्रतिकृती होती आणि तिच्याभोवती प्लास्टिकची झाडं. एवढी हिरवळ त्या गोदामाच्या नशिबी पुन्हा येणार नव्हती. कोपऱ्यात एक नवी फिरती खुर्ची होती, अजून वेष्टनातच.

“ही कुणाची?”

“गोदामावर देखरेख करणाऱ्याची. माणूस ठरलाय.”

“आणि बुजगावण्याबद्दल काय म्हणाल?”

“ते बुजगावणं आहे होय?” दलाल चकित झाला. “गेल्या महिन्यात जागा बघायला गेलो तेव्हा मी त्याला दोनदा नमस्कार केला. बोललं नाही. म्हटलं, माणूस गर्विष्ठ आहे.”

अर्जातले फोटो त्याने खुशाल दाखवले. नियमाप्रमाणे तिन्हींत हद्दीचा दगड पुढे होता आणि मागे ओसाड जमीन. कोपऱ्यात तीन वेगवेगळी वर्षं छापलेली, महिना मात्र तोच, चालू.

दुसरा मोजणीदार. तो दरवर्षी याच महिन्यात हद्दीचे दगड तपासून त्यांचे फोटो काढायचा. यंदाची फेरी बाकी होती. मागच्या दोन वर्षांचे फोटो त्याने काढून दिले. वरून, अगदी जवळून घेतलेले. दगड, आणि त्याला खेटून पँटचे दोन पाय. एकात वर काळ्या कोटाची कड, दुसऱ्यात तपकिरी.

“हे पाय कुणाचे?” वहिनींनी विचारलं.

“मी समजत होतो, आमच्याच खात्याचा कुणी असेल,” मोजणीदार म्हणाला. “इतका वेळ न हलता उभं राहणारा दुसरा कोण असणार?”

तिसरा धाकटा. तो बहिणीच्याच घरी उतरला होता आणि तिच्याशी बोलत नव्हता. गेली सहा वर्षं त्याने शेतात पाऊल टाकलं नव्हतं. सूर्यफुलाने त्याला शिंका येत.

“गोदाम मला हवंय, लपवत नाही,” तो म्हणाला. “कागद दलालाने केले, मी सह्या केल्या. ताई म्हणते एकाच कंपनीवर भिस्त नको. मग एकाच फुलावर असलेली चालते का? एक वर्ष कीड पडली की संपलं! आणि माझा तपकिरी कोट मला न विचारता त्या काठीला घातला.”

“बुजगावणं चोराने टॉवरच्या बाजूला लावलंय.”

“तिकडे कशाला? पाखरं नदीकडून येतात ना?” असं म्हणून तो शिंकला.

परतताना भाऊजी म्हणाले, “वहिनी, मला सगळ्यांचाच संशय येतोय.”

“छान. आता उलट्या बाजूने एकेकाचा जाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी अकराला सुनावणीच्या खोलीत साहेबांसमोर सगळे बसले. खुर्च्या कमी होत्या. मामा भिंतीला टेकून उभे राहिले. त्यात कुणालाच काही खटकलं नाही.

वहिनींनी मोजणीदाराचे दोन फोटो अर्जातल्या फोटोंशेजारी ठेवले.

“साहेब, मागची दोन्ही वर्षं याच महिन्यात दगडाशेजारी बुजगावणं होतं. हे त्याचे पाय. अर्जातल्या फोटोंत दगड आहे, पाय नाहीत. तो दगड बुजगावण्याविना कधी होता? पोलिसांच्या शिक्क्याप्रमाणे गेल्या पंधरवड्यात चार दिवस. आणि परत आल्यावर?”

“परत आल्यावर ते दुसरीकडे लागलं, दगड मोकळाच राहिला,” भाऊजी म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

“शाब्बास. म्हणजे हे तिन्ही फोटो गेल्या पंधरवड्यातले. यंदाच्या ओसाड जमिनीला तीन वर्षांची नावं दिली.”

दलालाने छताकडे पाहिलं.

“पण बुजगावणं हलवलं कशाला?” साहेबांनी विचारलं. “राहिलं असतं फोटोत.”

“तिन्ही वर्षं एकच निळा कोट दिसला असता. कोटावरून वर्ष कळतं, हे फक्त घरच्यांना ठाऊक. दलालसाहेब तर त्याला नमस्कार करत होते. तेव्हा त्यांना कुणी घरच्यानेच सावध केलं. घरचे तिघं. मालकीणबाई स्वतःच्याच गिरणीवर कुऱ्हाड चालवणार नाहीत. राहिले दोघं.”

धाकटा शिंकला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

“आता चोराची चूक बघा. फोटो झाल्यावर बुजगावणं खड्ड्यात फेकलं असतं तरी चाललं असतं. पण वरच्या शेतात दाणा भरला होता आणि पाखरं तुटून पडली होती. चोराला ते बघवलं नाही. त्याने ते परत आणलं, आणि पाखरं खरोखर उतरतात तिथे पक्कं ठोकलं. धाकट्याला अजून वाटतं पाखरं नदीकडून येतात. मालकीणबाईंनाही तेच वाटत होतं. टॉवरचं ठाऊक असलेला घरचा माणूस एकच. त्याला फिरती खुर्चीही आवडते, आणि दलालसाहेबांकडे एक नवीकोरी ठेवलेली आहे.”

मालकीणबाई हळूच वळल्या. “मामा? तुम्ही?”

मामा भिंतीपासून हलले नाहीत.

“चाळीस वर्षं उभा आहे मी त्या शेतात,” ते म्हणाले. “त्यातली तीस त्याच्याशेजारी. त्याला दर वर्षी कोट मिळतो.”

धाकट्याने येणारी शिंक दाबली.

“‘मामा, बसा’ असं एकदा तरी कुणी म्हणेल असं वाटायचं. शेवटी हा म्हणाला.” मामांनी दलालाकडे बोट केलं.

“मग परत का आणलंत?” भाऊजींनी विचारलं.

“पाखरं दाणे खात होती.”

“अहो, गोदाम झालं असतं तर दाणेच उरले नसते!”

“ते पुढच्या वर्षी,” मामा म्हणाले. “हे पीक यंदाचं होतं.”

साहेबांनी अर्ज फेटाळल्याचा शिक्का मारला. दलालाला बसवून ठेवलं, कारण खोट्या फोटोंबद्दल पोलीस निघाले होते. या वेळी ते हसत नव्हते. मामांनी आपला जबाब स्वतःहून लिहून द्यायला घेतला.

मालकीणबाई उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची मामांकडे सरकवली. “मामा, घरी चला. कपाटातला सगळ्यात चांगला कोट—”

“कोट नको. खालच्या तुकड्यात वाटा द्या. आणि त्यात सूर्यफूल नको, ते वरच्यात आहेच. निम्म्यात तीळ, निम्म्यात जवस. गिरणीला काय, तिन्हींचंही तेल निघतं. एकावर कीड पडली तर दोन उभी राहतील.”

मालकीणबाईंनी धाकट्याकडे पाहिलं. सहा वर्षांत प्रथमच.

“जवसाने शिंका येतात का?” त्याने मामांना विचारलं.

“नाही.”

“मग माझी सही घ्या,” तो म्हणाला.

सोमवारी भाऊजी कार्यालयात आले तेव्हा वहिनी उभ्यानेच पत्रं वाचत होत्या. भाऊजींनी वही काढून ‘खुर्ची चोरीला’ असं लिहिलं.

“चोरी नाही, भाऊजी. बदली झाली तिची.”

त्या संध्याकाळी दोघं शेतावरून गेले. वरच्या तुकड्यात दोन आकृत्या दिसत होत्या. एक निळ्या कोटात स्थिर उभी होती. दुसरी बसली होती आणि सावकाश गोल फिरत होती.

टॉवरवरची पाखरं खाली बघत होती. दोघांपैकी कुणाला भ्यायचं, हे त्यांचं अजून ठरलं नव्हतं.