दोन्हीकडे अण्णा

यशवंतपूरच्या घरात उपेंद्रने दोन वायफाय राउटर बसवले, एक खाली हॉलमध्ये आणि एक गच्चीवरच्या खोलीत. कारण एकच, अण्णा. त्याच्या वडिलांना विस्मरणाचा आजार जडला होता आणि मागे एकदा ते चालत थेट स्टेशनात जाऊन बसले होते. उपेंद्र सरकारी संशोधन संस्थेत इंजिनीअर. त्याने अण्णांच्या गळ्यात एक फोन अडकवला आणि तो एकाच वेळी दोन्ही राउटरना जोडून दिला. ज्याचा सिग्नल जोरात, त्याच्याजवळ अण्णा. ऑफिसात बसून त्याला आपल्या फोनवर ते दिसायचं. त्याची बायको पद्मावती म्हणाली, गायीच्या गळ्यात घंटा बांधतात तसंच झालं हे.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग अधूनमधून दोन्ही सिग्नल पूर्ण भरलेले दिसू लागले. मध्ये जाड स्लॅब असताना असं व्हायला नको होतं. पण नेमकं त्याच वेळी अण्णा जाग आल्यासारखे बोलायचे, त्याला 'उपू' म्हणायचे. त्याला इतका आनंद व्हायचा, की या दोन गोष्टींची सांगड त्याने कधी घातलीच नाही.

रविवारी दुपारी त्याने खाली हॉलमध्ये अण्णांना कॉफी दिली. पिऊन झाली की पेला वाटीत पालथा घालायची त्यांची जन्माची सवय, आता तीही गेली होती. सिग्नल पुन्हा दोन्हीकडे भरलेले.

"अण्णा, वर कोण बसलंय?" त्याने थट्टेने विचारलं.

"मीच की. स्वल्प थांब उपू, कॉफी संपू दे."

उपेंद्रच्या अंगावर काटा आला. पण यंत्र बिघडलं तर दुरुस्त करावं, हा त्याचा धर्म. तो वर गेला. खोलीत वेताची खुर्ची होती, रिकामी तिपाई होती. त्याने राउटर बंद केला आणि निश्चिंत मनाने खाली आला.

अण्णांच्या हातात अर्धा पेला तसाच होता.

"कोण पाहिजे आपल्याला?" त्यांनी अदबीने विचारलं.

तो धावतच वर गेला. राउटर सुरू केला, आपल्या फोनकडे पाहत राहिला.

वरचा सिग्नल भरला. खालचा, जिथे अण्णा बसले होते तिथला, शून्य.

"अण्णा," त्याने हाक मारली.

तिपाईवर एक पेला वाटीत पालथा घातलेला होता. त्याने हात लावून पाहिला. अजून कोमट होता.