न्हाणीसमोरचा कॅमेरा

वायरमनने खबर आणली तेव्हा जेलरबाई सकाळची हजेरी घेत होत्या. महिला बराकीच्या न्हाणीसमोरचा कॅमेरा कुणीतरी काळ्या चिकटपट्टीने झाकला होता. पट्टीवर धूळ बसली होती; तीन दिवस तरी झाले असावेत.

संशय सरळ शिवणबाईवर गेला. शिवणखात्यातली ही कैदी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पुरुष पहारेकरी बघत असताना आम्ही अंघोळ कशी करायची, असा अर्ज तिनेच दिला होता. जेलरबाईंनी तो फायलीत ढकलला होता. बायका पहारेकरी कमी होत्या, आणि पहाऱ्याच्या यादीवर सही जेलरबाईंचीच होती. त्यांनी शिवणबाईची भेट बंद केली. लांबून आलेली तिची मुलगी फाटकावरूनच परतली.

दुपारी जेलरबाई कॅमेऱ्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. बादलीवर बादली ठेवली तरी हात पोचेना. आवारात साधं स्टूल नव्हतं. शिडी बाहेरच्या खोलीत, कुलपात. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

पडद्यासमोर तात्या बसले होते, खात्यातले सगळ्यात जुने पहारेकरी.

"तात्या, पडदा तीन दिवस काळा होता. मग वायरमनने का सांगितलं? तुम्ही का नाही?"

"लक्ष गेलं नसेल."

"रात्री न्हाणी बंद, पडदाही बंद; दिवसाचे आठ तास तुम्हीच त्याच्यासमोर बसता. शिडीच्या खोलीची किल्ली कुठे असते?"

तात्यांनी स्वतःच्या टेबलाच्या खणाकडे बोट दाखवलं.

"मग मीच सांगते. दुपारी बायका शिवणखात्यात असतात, आवार मोकळं. तेव्हा शिडी लावलीत. दुसऱ्या कुणी झाकला असता, तर पहिल्याच तासाला तुम्ही बोंब मारली असती."

तात्यांची मान खाली गेली. "एक पोरगी वर बघून अंग चोरत भिंतीकडे वळली. माझ्या सुनेएवढी. घरी सुनेच्या हातून पाणी घेताना मान वर होईना."

"शिवणबाईची भेट बंद झाली, तेव्हा?"

"पेन्शनला सहा महिने उरलेत. भ्यालो."

तात्यांना रागवायला जेलरबाईंना तोंड नव्हतं. अहवालात त्यांनी तात्यांचा गुन्हा लिहिला, आणि त्याखाली फायलीत ढकललेल्या अर्जाची तारीख. कॅमेरा फाटकाकडे वळवायला सांगून त्या शिवणखात्यात गेल्या. तू केलं नव्हतंस तर बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं.

शिवणबाईने मशीन थांबवलं.

"बोलले असते तर तुम्ही दुसरं कुणी शोधलं असतं. ज्याने झाकला, त्याच्यामुळे तीन दिवस नीट अंघोळ झाली, बाई."

मुलीला पुन्हा बोलावून घेऊ, असं जेलरबाई म्हणाल्या.

"तिला आता वर्षभर रजा नाही," शिवणबाई म्हणाली, आणि कापड पुढे सरकवलं.