संगणकाच्या खोलीतला एकुलता एक विद्यार्थी

"अरे, आपण परीक्षा दिलीच नाही आणि पास झालो!" घोरपड खुर्चीतून उडालाच.

पडद्यावर खरंच तसं दिसत होतं. 'दिवसा चंद्र का दिसतो?' हा धडा पूर्ण. प्रश्न सोडवलेले, त्यातला एक चुकलेला. आणि ही तिघं तर धडा आत्ता कुठे उघडत होती!

घोरपड म्हणजे एखादी गोष्ट धरली की न सोडणारा मुलगा. त्याची मैत्रीण प्रश्नपत्रिका. हे नाव तिच्या शाळेतल्या बाईंनीच ठेवलेलं, कारण तिने तोंड उघडलं की त्यातून प्रश्नच बाहेर पडायचा. तिसरी तिची धाकटी बहीण. जिथे ताई तिथे ती, म्हणून तिचं नाव शेपूट. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम वाचनालयामागच्या संगणकाच्या खोलीत होता. तिथे एका संकेतस्थळावर फुकट शिकता यायचं. ज्वालामुखी, जुनी राज्यं, न्यायालय कसं चालतं, चित्र कसं बघायचं, म्हणाल ते!

प्रश्नपत्रिकेला ही खोली म्हणजे जीव की प्राण. घरी फोन एकच, तोही बाबांच्या खिशात. आणि बाबांना काही विचारलं की उत्तर ठरलेलं, जेव गुपचूप.

खोलीतल्या संगणकांपैकी चालू एकच. ग्रंथपालकाका तर आळशांचे मेरुमणी. प्रत्येकाचं वेगळं खातं उघडत कोण बसणार? त्यांनी एकच खातं उघडलं, पासवर्डची चिठ्ठी पडद्याला चिकटवली आणि जाहीर केलं, सगळ्यांनी हेच वापरा, माझं डोकं खाऊ नका.

मग आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं? घोरपडने कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून बारीक कापलेले केस पडले, मैदा पडला, आणि बटणांवर ग्रीसचे काळे ठसे होतेच. घोरपडच्या मते हा चोर केस कापता कापता केक भाजत होता आणि मध्येच गाडीही दुरुस्त करत होता.

"माणूस एक नाही, तीन आहेत," शेपूट शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून काकांचा फोनवरचा आवाज आला. उद्या दुपारी वाचनालयाच्या मुख्य कार्यालयातल्या बाई येणार होत्या. वर्षभरात या खोलीत एकच विद्यार्थी शिकलेला दिसतो, तेव्हा तिला टाळं लावून आत मोडक्या खुर्च्या ठेवायच्या, असं ठरत होतं. प्रश्नपत्रिकेने कपाळावर हात मारला. खातं एक म्हणून विद्यार्थी एक! काकांना सांगायला गेली, तर ते म्हणाले, मोठ्यांच्या कामात लुडबुड नको.

दुपारी तिघं एरवी जेवायला घरी जायची. त्या दिवशी मात्र काका नेहमीप्रमाणे टेबलावर डोकं टेकून घोरायला लागले आणि तिघं कपाटामागे लपली. मागच्या दाराने आधी आला न्हावी. इकडेतिकडे बघून त्याने न्यायालयाचा धडा लावला. मग बेकरीवाल्या काकू. त्या डोळे मिटून सनईबद्दल ऐकत बसल्या. आणि शेवटी जो आला, त्याला बघून प्रश्नपत्रिका ओरडणारच होती, पण घोरपडने तिचं तोंड दाबलं. ते बाबा होते! गॅरेजमधून तसेच, हात न धुता आलेले. एक वाक्य ऐकायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं आणि ओठातल्या ओठात घोकायचं, असं त्यांचं चाललं होतं.

"समुद्राला भरती का येते," शेपूट कानात कुजबुजली. "काल जेवताना तूच विचारलं होतंस."

संध्याकाळी मुलांनी न्हाव्याला आणि बेकरीवाल्या काकूंना गाठलं. उद्या बाईंना भेटा, म्हणून विनवलं. दोघांनी कानांवर हात ठेवले. आम्ही? शिकतोय? भलतंच! या वयात पाटी-दप्तर घेतलं म्हणून गिऱ्हाइकं हसतील, ही खरी भीती. बाबांना विचारायचा प्रश्नपत्रिकेला धीरच झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे प्रश्न होता आणि तोंड उघडत नव्हतं.

"मग त्यांना स्वतःच येऊ दे," घोरपड म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने खातं बंद केलं आणि पडद्यावरची चिठ्ठी काढून खिशात घातली.

दुपारी बाई आल्या. काका आज कसेबसे जागे होते. चहा आला, टाळं आलं. एवढ्यात आतल्या दारातून न्हाव्याने मान बाहेर काढली. पासवर्ड काय हो? माझ्यासाठी नाही, एका मित्राला हवाय. त्याच्या मागून बेकरीवाल्या काकू. त्यांच्या पुतणीला हवा होता म्हणे. बाईंनी कप खाली ठेवला. अर्धा धडा राहिलेले आणखी चारपाच जण आले, आणि प्रत्येकाला एक अडलेला मित्र होता!

शेवटी बाबा आले. मुलींना बघून ते दारातच थबकले. मागे फिरतील असं वाटलं, पण फिरले नाहीत.

"पासवर्ड मला हवाय," ते म्हणाले. "माझी पोर रोज काहीतरी विचारते. मला येत नाही, म्हणून मी तिच्यावर खेकसतो. मला त्याची लाज वाटते. शिकायची नाही वाटत."

कोणी हसलं नाही. न्हाव्याने घसा खाकरला आणि कबूल केलं, की मित्रबित्र कोणी नाही. मग काय, सगळ्यांचेच मित्र गायब झाले.

घोरपडने खिशातली चिठ्ठी बाईंपुढे ठेवली. बाईंनी आधी काकांची चांगलीच हजेरी घेतली. तुमच्या आळसापायी चांगल्या खोलीला टाळं लागत होतं, आणि ती या मुलांनी वाचवली, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग काकांनाच बसवून प्रत्येकाचं वेगळं खातं उघडून घेतलं. बाबांनी आपलं नाव एका बोटाने, एकेक अक्षर शोधत स्वतः लिहिलं. बंद पडलेले संगणकही ते बघणार होते, कोणी हात लावू दिला तर.

घरी जाताना छपरांच्या वर फिकट अर्धा चंद्र दिसत होता. बाबा थांबले. ग्रीस लागलेलं बोट वर करून त्यांनी दिवसा चंद्र का दिसतो ते सांगायला सुरुवात केली. मध्ये अडखळले, मागच्या वाक्यावर जाऊन पुन्हा आले. प्रश्नपत्रिकेला तो धडा तोंडपाठ होता. तरी ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि शेपूटलाही तिने मध्ये बोलू दिलं नाही.